सोमवारची सपाट रेघ

१

फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या अजिनाथ दराड्यांना तंबाखू सोडून त्या शुक्रवारी सत्तेचाळीस दिवस झाले होते, आणि या सत्तेचाळीस दिवसांत एकही माणूस आपल्याशी धड बोललेला नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. खरं तर धड बोलत नव्हते ते स्वतःच. पण हे त्यांना सांगणार कोण?

नगरमधल्या एका संशोधन केंद्रावर ते सुरक्षा अधिकारी होते. म्हणजे मुलांच्या गाड्या रांगेत लावून घ्यायच्या आणि संध्याकाळी कुलपं ओढून बघायची. पूर्वी त्यांच्या शर्टाच्या खिशात पितळी डबी असायची, झाकणाला मोठा पोचा पडलेली. एका दंगलीत छातीवर आलेला दगड त्या डबीवर बसला होता. आता त्या खिशात बडीशेपेची पुडी होती. डबी त्यांनी सत्तेचाळीस दिवसांपूर्वी बायकोच्या, कडूबाईच्या, डोळ्यांदेखत परसातल्या कचऱ्यात भिरकावली होती आणि वर जाहीर केलं होतं, की आजपासून या घरात तंबाखूचा वाससुद्धा येता कामा नये. कडूबाई तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

शुक्रवारी सकाळी डॉ. सुचित्रा मुळे यांनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि बसा म्हणायच्या आधी एक कागद समोर सरकवला.

"सव्वीस दिवस माझं काम बंद आहे, दराडे. आज कारण कळलं. कुणीतरी माझ्या सलाईनमध्ये निकोटीन टाकतंय."

"निकोटीन म्हणजे तंबाखूतलं?"

"तेच."

दराड्यांनी बडीशेप तोंडात टाकली. तंबाखू सोडली तरी ती पाठ सोडत नाही, हे त्यांना आजच कळायचं होतं. "मॅडम, मला समजेल असं सांगा. मी कलाशाखेचा माणूस आहे."

सुचित्रा मॅडमनी घड्याळाकडे पाहून उसासा टाकला. "मेंदूतल्या पेशींच्या कातडीला बारीक दारं असतात. आयन चॅनेल म्हणतात. दार उघडलं की मिठातले विजेचा भार असलेले कण आत शिरतात आणि पडद्यावरची ही रेघ खाली जाते. काही दारं शरीरातल्या एका ठरावीक रसायनानं उघडतात. ते त्यांची खरी किल्ली. तंबाखूतलं निकोटीन त्याच कुलपात बसतं, म्हणून त्या दारांना निकोटिनिक रिसेप्टर असं नाव. माझं नऊ वर्षांचं काम त्या दारांवर आहे."

"मग निकोटीन टाकलं तर दार उघडेल की. बिघडलं कुठं?"

"एकदा दिलं तर उघडेल. थोडं थोडं सतत राहिलं, तर दार बंद होऊन बसतं. मग खरी किल्ली लावली तरी हलत नाही."

दराड्यांना पहाटेची पहिली चिमूट आठवली. त्या एका चिमटीला काय तो झणका, नंतर दिवसभर नुसतं चघळणं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "चढते ती पहिलीच."

मॅडमना हे विनोदी वाटलं नाही. पेशी ज्या मिठाच्या पाण्यात ठेवतात, ती ही सलाईन. त्यांनी पेशी दोनदा बदलून पाहिल्या, यंत्र तपासून घेतलं, रेघ सपाट ती सपाटच. शेवटी सलाईन पुण्याला तपासायला पाठवली आणि हा कागद आला.

"आमच्याकडे निकोटीनची एकच बाटली आहे. कपाट कुलूपबंद. किल्ल्या दोन. एक माझ्याजवळ, दुसरी गंधारजवळ." गंधार धर्माधिकारी हा त्यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी. "महिन्यापूर्वी आमचं कडाक्याचं भांडण झालं. शोधनिबंधावर त्याला स्वतःचं नाव आधी हवं होतं, मी नाही म्हटलं. आणि त्यानंतर आठवड्याभरात हे सुरू. मी सोमवारी बारा वाजता संचालकांकडे त्याचं नाव देणार आहे. संचालक म्हणाले, आधी तुमच्याकडून चौकशी व्हायला हवी. म्हणून बोलावलं."

म्हणजे निकाल आधीच लागला होता, आणि दराड्यांनी फक्त शिक्का मारायचा होता. नोकरीत अशी प्रकरणं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी त्यांचं डोकं फिरायचं. आजही फिरलं.

ते वळले. दारात एक हडकुळा मुलगा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

२

गंधार त्यांना काचा धुण्याच्या खोलीत घेऊन गेला, कारण तेवढी एकच खोली रिकामी होती. एका भिंतीला मोरी, दुसऱ्या भिंतीला कपाटाएवढा ओव्हन, त्यात धुतलेल्या बाटल्या वाळत ठेवलेल्या.

"काका, माझे वडील राजूरला मास्तर आहेत. हा शिक्का बसला तर मला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही. चार वर्षं पाण्यात जातील." मुलाचा आवाज चिरकला. "मी भांडलो, कबूल. पण स्वतःच्याच पेशी कोण बिघडवेल? त्यांच्यावर माझाही प्रबंध आहे."

दराडे ऐकत होते, पण त्यांचं लक्ष लागेना. एकाएकी तोंडाला पाणी सुटलं होतं. सत्तेचाळीस दिवसांत आली नव्हती अशी तलफ आली. त्यांना स्वतःची लाज वाटली. पोर जिवाच्या आकांतानं बोलतंय आणि आपल्याला तंबाखू सुचतेय!

"बाटलीचं वजन करा," गंधार म्हणत होता. "दर वेळी काढताना वजन वहीत लिहितो आम्ही."

वजन केलं. वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. दराडे उत्साहानं मॅडमकडे गेले, तर मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "काढलं तेवढं पाणी घातलं की वजन भरतं. त्याला एवढी अक्कल आहे, मीच शिकवलंय."

दराडे हात हलवीत परत आले. मग गंधारनं त्यांना रोजची नोंदवही दिली. त्यात सव्वीस दिवसांच्या रेघा चिकटवलेल्या होत्या. रसायनशास्त्र कळत नसलं तरी माणूस फौजदारकीत तारखा वाचायला शिकतोच. सोमवार, सपाट. मंगळवार, सपाट. गुरुवारी रेघेला किंचित पोक आलेलं. शुक्रवारी थोडं जास्त. पुढचा सोमवार, पुन्हा सपाट. चारही आठवडे हेच.

"म्हणजे जे काही होतं ते शुक्रवार आणि सोमवारच्या मध्ये होतं," ते म्हणाले. "रविवारी तर बाहेरच्या फाटकालाच माझं कुलूप असतं. राहिला शनिवार. शनिवारी अर्धा दिवस. दुपारनंतर इथं कोण असतं?"

गंधारचा चेहरा उतरला.

"मी," तो म्हणाला. "पेशींचं खाद्य बदलायला येतो. पलीकडच्या खोलीत. किल्ली असलेला मी एकटाच असतो, काका."

३

पोराला वाचवायला निघावं आणि आपल्याच हातानं त्याला आणखी अडकवावं, याला काय म्हणायचं? दराडे चरफडत कल्याणला शोधायला गेले. कल्याण हा प्रयोगशाळेतला अटेंडंट, सलाईन तोच बनवायचा. तो मागच्या पायरीवर तळहातावर तंबाखू मळत बसला होता. दराड्यांनी त्या तळहाताकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"घेता का साहेब?"

"आत टाक ते! या हातांनी सलाईन बनवतोस?"

"मोजे घालतो की. मॅडमनी माझी झडती घेऊन झालीय कवाच. आणि बहिणीच्या लग्नाला मी काष्टीला दहा दिवस हुतो, तवा सलाईन मॅडमनी सोताच्या हातानं बनवली. तवाबी रेघ हलली न्हाई. इचारा." तो थुंकायला उठला आणि परत आला. "शनवारी म्हनाल तर माझा पाय बाराला भायेर. गावी बाजार असतो, म्हाताऱ्याला एकट्याला झेपत न्हाई. तुमी त्या गंधारलाच इचारा. ओव्हनचा काटा कोन फिरवतं ते."

"कसला काटा?"

"काचा वाळवायला शंभर पुरं. सोमवारी येऊन बघावं तर काटा एकशेऐंशीवर. दर सोमवारी. पोरांना काय, कळ दिसली की फिरवली."

दराड्यांनी हे वहीत टिपलं, पण त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. काचा जास्त तापल्या म्हणून त्यात तंबाखू थोडीच उगवते?

राहिली दगडाबाई. बाटल्या धुणारी. ऊसतोडीला जाऊन जाऊन हात लाकडासारखे झालेली, पाथर्डीकडची बाई. कडूबाईच्या माहेरच्या गावची, म्हणून केंद्रावर सगळे दराड्यांना साहेब म्हणत असताना ती एकटी खणखणीत आवाजात दाजी म्हणायची. दराडे गेले तेव्हा ती मोरीपाशी बाटल्या विसळत होती.

"किती पाण्यातून काढतेस?"

"साबनाचं येक, साधं येक, आन म्याडमचं ते कॅनमधलं तीन डाव. म्हनजे पाच झालं. येक बी चुकवीत न्हाई, दाजी. पोटच्या लेकरांना बी येवढी आंगूळ घातली न्हाई मी."

"तंबाखू खातेस?"

"न्हाई."

"मिश्री?"

मिश्री म्हणजे काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. दगडाबाईच्या वयाच्या निम्म्या बायकांची सकाळ ती दातांना लावल्याशिवाय सुरू होत नाही.

"लावीत हुते. मागल्या साली कवळी बसवली, तवापासून सोडली. डाक्टर म्हनला, काळी पडंल." तिनं ओठ फाकवून पांढरेशुभ्र दात दाखवले. "बगा की. हाय का कुठं डाग?"

डाग नव्हता. आणि दराड्यांच्या तोंडाला पुन्हा पाणी सुटलं होतं. ते ओव्हनला टेकून उभे होते आणि तंबाखू, तंबाखू एवढंच डोक्यात चाललं होतं. त्यांनी मूठभर बडीशेप तोंडात कोंबली आणि स्वतःला शिव्या देत बाहेर पडले. तीन साक्षी झाल्या, हाती भोपळा. सोमवारी बाराला मॅडम नाव देणार, आणि खाली सही आपली.

संध्याकाळी घरी जाताना ते सावेडीच्या नाक्यावर सिग्नलला थांबले. बाजूला पानाची टपरी. तीन माणसं हातावर मळत होती, चौथा बार भरत होता, वास थेट नाकात येत होता. दराड्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काहीच झालं नाही. आत काही हललंसुद्धा नाही.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले. दराडे जागचे हलले नाहीत. टपरीवर आली नाही ती तलफ धुण्याच्या खोलीत दोन्ही वेळा कशी आली?

४

शनिवारी सकाळी त्यांनी ओव्हनचं दार उघडून डोकं आत घातलं. वास अगदी पुसट होता, पण छत्तीस वर्षांची ओळख होती. टपरीवरचा कच्च्या तंबाखूचा हा वास नव्हे. हा भाजलेल्या तंबाखूचा, खमंग, घशात उतरणारा. घराघरांत येतो तसा. अठ्ठेचाळीस दिवसांपूर्वीपर्यंत त्यांच्या स्वतःच्या घरातही यायचा, आणि त्यांचीही चिमूट त्याच वासात मळली जायची. खालच्या कप्प्याच्या कडेला बोट फिरवलं, तर बोटाला तपकिरी चिकट थर आला.

तेवढ्यात सगळं जागेवर बसायला लागलं. काटा एकशेऐंशीवर कशाला लागतो? तंबाखू भाजायला. भाजताना धूर होतो. धुरातलं निकोटीन वरच्या बाटल्यांना आतून चिकटतं, आणि बाटल्या आधीच पाच पाण्यांतून काढलेल्या, आता त्या कोण परत धुतो? आठवड्याभरात वापरून विसळून त्या हळूहळू साफ होतात, म्हणून शुक्रवारी रेघ जरा हलते. मग पुन्हा शनिवार.

दुपारी एकला गंधार आला. "शनिवारी या धुण्याच्या खोलीत जातोस कधी?" दराड्यांनी विचारलं.

"नाही काका. शनिवारी तिकडून ठसका येतो. ॲसिडनं काचा धुतात ना, त्याचा असेल."

"ॲसिडचा नाही. तू तुझं काम कर. आणि आज डबा नीट खा."

दीडला ते धुण्याच्या खोलीशेजारच्या कोठीत स्टुलावर जाऊन बसले. दबा धरून वाट पाहायचे दिवस संपले असं त्यांना वाटलं होतं. गुडघा ठणकत होता. दोनला दगडाबाई आली. तिनं आठवड्याच्या सगळ्या बाटल्या वरच्या कप्प्यात उलट्या लावल्या. मग पिशवीतून स्टीलची ताटली काढली, तीत पुडीतली तंबाखू पसरली, ताटली खालच्या कप्प्यात सारली आणि काटा फिरवला. पाच मिनिटांत ठसका कोठीपर्यंत आला.

दराडे बाहेर आले. दगडाबाई दचकली नाही.

"दाजी, तुमी? हितं कशाला बसलाव? ठसका लागंल."

"हे काय चाललंय?"

"मिश्री भाजते. कुनाला तरास न्हाई. वरच्या कप्प्यात काचा, खालच्यात माजी ताटली. शिवायला बी देत न्हाई येकमेकाला." ती अभिमानानं म्हणाली. "आन काचा तर किती निघाल्यात पान्यातून."

दराड्यांना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. ही बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी विटाळ शिवण्यानं होतो, धुरानं नाही. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. सव्वीस दिवस, सपाट रेघ, सोमवारी बारा वाजता गंधारचं नाव. दगडाबाईचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"त्या पोराचं? त्यो तर मला मावशी म्हनतो."

"तू तर मिश्री लावत नाहीस. मग कुणासाठी भाजतेस?"

दगडाबाईनं ओव्हनचा काटा बंद केला.

"दगडाबाई, नाव सांग."

"ते इचारू नगा, दाजी."

"मग तुझी नोकरी जाईल, आणि तरी कुणाला खरं वाटणार नाही. तू लावत नाहीस हे सगळ्यांना दिसतंय. म्हणतील, पोराला वाचवायला बाई उभी केली."

दगडाबाईनं पदर तोंडाशी नेला. मग तिनं पिशवीत हात घातला आणि भाजलेली मिश्री भरून न्यायची डबी काढून ओव्हनवर ठेवली.

पितळी डबी होती. झाकणाला मोठा पोचा पडलेला.

५

कडूबाई पायरीवर भाजी निवडत होती. दराड्यांनी डबी तिच्यासमोर ठेवली. तिनं ती पाहिली आणि भाजी निवडणं थांबवलं नाही.

"कधीपासून?"

"दगडीनं भाजायला घेतली त्याला महिना हुईल. त्याआधी घरात जुनी भाजल्याली शिल्लक हुती."

"मी सांगितलं होतं, या घरात तंबाखूचा वास नको."

"म्हनूनच घरात न्हाई भाजली." कडूबाईनं मान वर केली. "तुमच्या शबुदाच्या भायेर गेले का मी? वास आला का तुमाला? शेजारनी बी हल्ली ठसक्यावरनं भांडत्यात. दगडी म्हनली, आमच्या हितं मोठी भट्टी हाय, काचाच वाळवत्यात, दे मी आनते भाजून. त्यात कुनाचं वाटुळं हुतंय हे मला काय ठावं?"

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगायचं?" आता तिचा आवाज चढला. "तुमाला डाक्टरनं सांगितलं, तुमी सोडली. साऱ्या गल्लीनं कौतिक केलं. दिस मोजताव, येईल त्याला आकडा सांगताव. मी सोळाव्या वरसापासून लावते. तुमी सोडली तवा मला इचारलं का कुनी, की बाई, तुजं काय? डबी फेकली आन हुकूम काढला. चौकीत काढत हुता तसा."

चोर पकडून आणावा आणि पंचनाम्यात आपल्याच घराचा पत्ता निघावा, असं झालं होतं. त्यांना तिचा राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त, आणि या दोन्ही रागांचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

"सोमवारी अहवाल द्यायचाय," ते शेवटी म्हणाले. "सगळं लिहावं लागेल. नाहीतर ते पोर जातं."

"लिवा की. खरं हाय ते लिवा." तिनं निवडलेली भाजी टोपलीत टाकली. "पन दगडीच्या आधी माजं नाव लिवा. तिनं माज्यापायी केलं."

रविवारी दराडे दिवसभर टेबलाशी बसले. हजारभर जबाब त्यांनी आयुष्यात लिहिले असतील, पण या चार ओळींना तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं: तंबाखू माझ्या घरची. भाजायला देणारी माझी पत्नी कडूबाई. घरात भाजायला बंदी करणारा मी. दगडाबाईंना त्याचा परिणाम माहीत नव्हता, त्यांना कामावरून काढू नये. गंधार धर्माधिकारी यांचा काहीही संबंध नाही.

सोमवारी साडेदहाला सुचित्रा मॅडमनी ते वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्चीत मागे टेकल्या. "नऊ वर्षं मी या एका रेणूवर काम करतेय," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याच ओव्हनचं दार उघडून वास घेतला नाही. सरळ एका मुलाला चोर ठरवलं." त्या उठल्या, नव्या कोऱ्या बाटलीत ताजी सलाईन बनवली आणि गंधारला हाक मारली.

गंधारनं पेशीवर खऱ्या किल्लीचा थेंब सोडला. तिघंही पडद्याकडे पाहत होते. रेघ क्षणभर सपाट राहिली आणि मग धाडकन खाली गेली.

मग मॅडम म्हणाल्या, "गंधार, माझं चुकलं." गंधारनं मान हलवली. तो पडद्यावरून नजर काढायला तयार नव्हता, आणि त्याचे डोळे भरले होते. पलीकडे मोरीपाशी दगडाबाई ओव्हनचा खालचा कप्पा काढून तारेच्या घासणीनं खसाखसा घासत होती. आता सहावं पाणीही लागणार होतं.

संध्याकाळी दराडे घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. डबी कट्ट्यावर उघडी पडली होती, आतून धुऊन पुसलेली.

"सकाळपासून डोस्कं फुटायला लागलंय," कडूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "माज्याशी बोलू नगा."

तिच्या दुखऱ्या डोक्यात या घटकेला कुठली दारं कशाची वाट पाहत बसली आहेत, ते आता दराड्यांना माहीत होतं. आज आपला पन्नासावा दिवस, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. खिशातून बडीशेपेची पुडी काढली आणि निम्मी तिच्या तळहातावर ओतली.

कडूबाईनं ती तोंडात टाकली, जरा चावली, तोंड वाकडं केलं.

"ह्यानं काय हुतं?"

"काही होत नाही," दराडे म्हणाले. "खा."